‘सीन तर सेम टू सेम होते, मग लोक का चिडले?’ एका कॉम्पवाल्याचं लांबलचक उत्तर

प्रश्न असा आला होता: “दादा, मी २०१७ चा घोस्ट इन द शेल बघितला, स्कार्लेट जोहान्सनवाला. मला तर आवडला. कॉलेजच्या ग्रुपवर तसं लिहिलं तर दोन दिवस शिव्या खाल्ल्या. मग जुना ॲनिमेशनवाला तुकड्यातुकड्यांत बघितला, तर सीन सेम टू सेम आहेत की. ह्या फॅन लोकांना प्रॉब्लेम काय आहे नक्की? बदललं तरी बोंब, नाही बदललं तरी बोंब. तुम्ही ह्याच लाइनीत आहात म्हणून विचारतोय.”

हे बघ, आवडला तर आवडला. त्याची माफी मागायची गरज नाही, आणि तुला शिव्या घालणाऱ्यांतल्या निम्म्यांनी १९९५ चा मूळ जपानी ॲनिमेशनवाला पूर्ण बघितलेला नसणार यावर मी वडापाव लावायला तयार आहे. पण तुझ्या प्रश्नातलं ते “सेम टू सेम” आहे ना, सगळी गोम तिथेच आहे, आणि ते नेमकं माझ्या धंद्यातलं असल्यामुळे जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बस.

मी गेली सतराएक वर्षं कॉम्पोझिटिंग करतोय. म्हणजे हिरव्या पडद्यासमोर उभा केलेला माणूस, कॉम्प्युटरवर बनवलेलं शहर, कुठूनतरी आणलेला पाऊस आणि धूर, हे सगळं एका फ्रेममध्ये असं बसवायचं की तुला शंका येऊ नये. त्याआधी तीन वर्षं अंधेरीत टूडी ॲनिमेशनमध्ये लाइटबॉक्सवर इनबिट्वीन, म्हणजे दोन मुख्य पोझच्या मधली चित्रं, काढत होतो, पाठ तेव्हाच गेली. सांगायचा मुद्दा, हाताने काढलेलं चित्र आणि कॅमेऱ्याने धरलेलं चित्र ह्या दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लंय.

जुना घोस्ट मी पहिल्यांदा होस्टेलवर बघितला, लॅमिंग्टन रोडवरून कोणीतरी आणलेल्या व्हीसीडीवर, सबटायटल अर्धी स्क्रीनच्या खाली गेलेली. रूममेट म्हणाला होता “मॅट्रिक्स जिथून ढापला तो पिक्चर”. ढापला म्हणणं अन्याय आहे, कारण मॅट्रिक्सच्या दिग्दर्शक वाचोव्स्कींनी लपवलं कधीच नाही, उलट प्रोड्यूसर जोएल सिल्व्हरला त्यांनी हाच सिनेमा दाखवला आणि आम्हाला हे खऱ्या माणसांना घेऊन करायचंय म्हणून सांगितलं, हा किस्सा जगजाहीर आहे. आणि गंमत बघ, मॅट्रिक्सवर ॲनिमे (म्हणजे जपानी ॲनिमेशन) फॅन कधी चिडले नाहीत. हिरवे पडणारे अक्षर, मानेमागचं कनेक्शन, सगळं ओळखून टाळ्याच वाजवल्या.

आता २०१७ कडे. फॅन म्हणजे एक जमात नाही हे आधी समजून घे. त्या सिनेमावर कमीत कमी तीन वेगळी भांडणं चालू होती आणि लोक ती एकात एक मिसळतात.

सगळ्यात मोठं भांडण कास्टिंगचं. २०१५ च्या जानेवारीत स्कार्लेटचं नाव आलं तेव्हाच सुरू झालं, गोष्टीची नायिका मेजर मोतोको कुसानागी, तिच्या रोलला गोरी बाई कशी म्हणून, पिटिशनवर लाखभर सह्या झाल्या. मग २०१६ च्या एप्रिलमध्ये पहिला फोटो आला आणि त्याच दिवसांत बातमी फुटली की व्हीएफएक्स वापरून गोऱ्या ॲक्टरचा चेहरा आशियाई दिसतो का याच्या टेस्ट झाल्या होत्या. पॅरामाउंटचं म्हणणं, ती टेस्ट मागच्या गर्दीतल्या एका कलाकारावर केली होती, स्कार्लेटवर नाही, आणि कल्पना लगेच सोडून दिली. मी ती बातमी डेस्कवर बसून वाचली आणि पोटात कसंतरी झालं, कारण डिजिटल मेकअप आम्ही रोज करतो, सुरकुत्या काढ, पोट आत घे, काल रात्री न झोपलेल्या हिरोचे डोळे जागे कर, आणि कोणीतरी आपल्यासारखाच एक जण रात्री अकरा वाजता ते काम उघडून बसला असणार, त्याला कोणी विचारलंही नसणार.

त्यात मार्केटिंगवाल्यांनी २०१७ च्या मार्चमध्ये एक मीम बनवायची साइट काढली, “आय ॲम” लिहून पुढची जागा रिकामी, आपला फोटो टाका आणि भरा. लोकांनी काय भरलं असेल तूच विचार कर. स्वतःच्या हाताने विरोधकांना पोस्टर छापायचं मशीन दिलं.

पण जपानमधलं वारं वेगळंच होतं. मूळ सिनेमाचा दिग्दर्शक मामोरू ओशी म्हणाला की मेजर सायबॉर्ग आहे, माणसाचा मेंदू आणि मशीनचं शरीर, तिचं शरीर मुळात तिचं नाहीच, मग ते अमुकच वंशाचं पाहिजे हा आग्रह कशाला. मूळ मांगा (जपानी कॉमिक) छापणाऱ्या कोदान्शाच्या अधिकाऱ्यानेही सांगितलं की हॉलिवूडमध्ये बनणार म्हटल्यावर जपानी नटी असेल असं आम्ही धरलंच नव्हतं. आणि लगेच इकडचे काही हुशार म्हणायला लागले, बघा, जपान्यांना प्रॉब्लेम नाही, तुम्हाला कशाला. हे मला पटत नाही. टोकियोत राहणाऱ्या माणसाला रोज टीव्ही लावला की त्याच्यासारखे दिसणारे पन्नास चेहरे दिसतात, हिरोही तेच, व्हिलनही तेच, त्याला एक रोल गेला तर काय फरक पडतो. लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या जपानी वंशाच्या मुलीला वर्षाला एखादा रोल दिसतो आणि तोही गेला. दोघं एकाच पोस्टरकडे बघताहेत पण दोघांचं काय गेलं ते वेगळं आहे. शिवाय जपान स्वतः ह्या बाबतीत काही संत नाही. मांगा-ॲनिमेचा खऱ्या माणसांचा सिनेमा करणं याला तिकडे ‘जिश्शाका’ म्हणतात आणि हा शब्द ऐकला की तिथल्या फॅनच्याही कपाळावर आठ्या येतात. अटॅक ऑन टायटन, फुलमेटल अल्केमिस्ट, युरोपसारख्या दिसणाऱ्या जगातल्या गोष्टी, सगळे जपानी नट घेऊन केल्या, आणि तिकडच्या लोकांनी धू धू धुतल्या. म्हणजे चिडणं फक्त हॉलिवूडवर राखीव नाहीये. (रुरौनी केन्शिन मात्र जमलाय त्यांना, तलवारबाजी एकदा बघच.)

सिनेमा ३१ मार्च २०१७ ला लागला. बजेट साधारण ११ कोटी डॉलर, अमेरिकेत कमावले चारेक कोटी, सगळ्या जगात मिळून सतराच्या आसपास. थिएटरवाले अर्धे ठेवतात आणि पब्लिसिटीचा खर्च वेगळा, त्यामुळे हा आकडा ऐकायला बरा वाटतो पण बुडालाच. पॅरामाउंटच्या डिस्ट्रिब्यूशनच्या साहेबांनी तेव्हा म्हटलं की कास्टिंगच्या चर्चेचा रिव्ह्यूवर परिणाम झाला. झाला असेल. पण फक्त तेवढंच असतं ना, तर आतला सिनेमा बघून लोक शांत झाले असते. आत जाऊन लोक जास्त चिडले. तिथे दुसरं भांडण सुरू होतं आणि माझ्या मते खरं तेच.

पुढे स्पॉयलर आहेत, तू बघितलायस म्हणून लिहितो.

२०१७ च्या सिनेमात मेजरचं नाव मीरा किलियन. शेवटाकडे कळतं की ती खरी मोतोको कुसानागी नावाची जपानी मुलगी होती, कंपनीने पळवून तिचा मेंदू काढून ह्या गोऱ्या शरीरात घातला आणि खोट्या आठवणी भरल्या. म्हणजे बाहेर लोक दोन वर्षं ओरडताहेत की जपानी मुलीला काढून गोरी बाई बसवली, आणि सिनेमाची गोष्टच निघाली ती. मला वाटतं लिहिणाऱ्यांना हे धाडसी वाटलं असणार, टीकेला गोष्टीतूनच उत्तर देऊ म्हणून. पण मग ती मुलगी आईला भेटते, स्वतःच्या थडग्यापाशी उभी राहते, आणि पुढच्या सीनला त्याच शरीरात खुशाल ड्यूटीवर हजर. एवढा मोठा अन्याय उघडा केला आणि त्यावर फुंकर मारून मोकळे झाले. काओरी मोमोई ही आई झालीये, चहाच्या त्या सीनमध्ये ती बाई एकटी असं काही करून जाते की वाटतं हाच सिनेमा करायला पाहिजे होता.

आता १९९५ चा बघ. तिथे मोतोकोला हरवलेलं बालपण शोधायचंच नाहीये. तिचा प्रश्न वेगळा आहे, माझं शरीर सरकारचं, मेंदूतला थोडा भाग सोडला तर सगळं मशीन, मग ‘मी’ म्हणून जे काही वाटतं ते खरंच आहे का, की तेही कोणी भरलंय? मग पपेट मास्टर येतो, माहितीच्या समुद्रात आपोआप जन्मलेला प्रोग्रॅम, मी जिवंत आहे म्हणतो, आश्रय मागतो, आणि शेवटी तिला म्हणतो आपण एक होऊया, तू तू राहणार नाहीस, मी मी राहणार नाही. आणि ती हो म्हणते. स्वतःपण सोडून देते. शेवटी लहान मुलीच्या शरीरात डोंगरावर उभी राहून शहराकडे बघते, जाऊ कुठे, जाळं तर अफाट आहे.

२०१७ मध्ये कुझे नावाचा हॅकर तिला हेच विचारतो, माझ्या जाळ्यात ये. ती नाही म्हणते. मला माझं नाव मिळालं, माझी आई मिळाली, मी कोण ते मला कळलं.

म्हणजे प्रश्न तोच आणि उत्तर बरोबर उलटं. उत्तर उलटं दिलं म्हणून मी चिडत नाही, दिग्दर्शकाला तो हक्क आहे. पण तिथे प्रश्न विचारलाच जात नाही रे. मूळ सिनेमा दीड तासाच्या आत संपतो आणि तुला हातात प्रश्न घेऊन घरी पाठवतो. हा पावणेदोन तास घेतो आणि हातात उत्तर ठेवतो.

आपल्याकडचं उदाहरण देतो म्हणजे लगेच कळेल. सैराटचा धडक झाला तेव्हा तुझ्या घरी काय बोलणं झालं आठव. झिंगाट होतं की, अजय-अतुलच होते, विहीर नाही तर तलाव होता, पळून जाणं होतं, बाळ होतं. करमाळ्याकडून उदयपूरला नेलं याचाही राग नव्हता खरंतर, गोष्टी गावं बदलतात. राग होता तो जात गाळली याचा. ती गाळली की आर्चीच्या घरचे का मारतात हेच उरत नाही, मग उरतो फक्त एक रागीट श्रीमंत बाप. आणि शेवटचा तो आवाज बंद केलेला सीन, छोटी पावलं, थिएटरमधून कोणी बोलत बाहेर आलं नव्हतं. धडकचा शेवट बदलला, काही लोकांना धक्काही बसला, पण मराठी पब्लिक आधीच उठून चपला शोधत होतं. आता त्यांना कोणी म्हटलं असतं की “गाणी तर सेम टू सेम आहेत, तुम्हाला प्रॉब्लेम काय?” तर काय उत्तर दिलं असतं? ओशीच्या फॅनचं तेच झालं. फ्रेम नेल्या, प्रश्न तिथेच राहिला.

तिसरं भांडण फ्रेमचंच. इथे मी जरा धंद्याचं बोलतो, कंटाळा आला तर खाली उतर.

तू म्हणतोस सीन सेम आहेत. बरोबर आहे, उंच इमारतीवरून मागे झुकत घेतलेली उडी, पाण्यातली अदृश्य मारामारी, शरीर तयार होतानाचा टायटलचा सीन, कोळ्यासारखा टँक, सगळं आहे. वेटा वर्कशॉप या इफेक्ट्सवाल्या कंपनीने मेजरचा तो सूट खरोखरचा सिलिकॉनचा बनवला, रोबो गेशांचे मुखवटे हाताने बनवले, कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही, मी स्वतः ते गेशाचं उघडणारं तोंड दहादा मागे-पुढे करून बघितलंय. पण मग तेच सीन मेल्यासारखे का वाटतात?

कारण वेळ. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये २४ वेगळी चित्रं सहसा कोणी काढत नाही, एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, त्याला ऑन टूज म्हणतात, म्हणजे सेकंदाला बारा. जपानी लोक बऱ्याचदा थ्रीजवर जातात, सेकंदाला आठ. सुरुवातीला हे पैसे वाचवायला होतं, नंतर त्याचीच भाषा झाली. महत्त्वाची पोझ आली की चित्र थांबतं. चक्क थांबतं. फक्त पाऊस पडतो किंवा केस हलतात किंवा तेही नाही. १९९५ मध्ये कितीतरी शॉटमध्ये मोतोको पापणीसुद्धा लववत नाही, बाहुलीसारखी, आणि तुला हळूहळू अस्वस्थ व्हायला लागतं, ही जिवंत आहे ना? हा प्रश्न डायलॉगमध्ये यायच्या आधी पापणीत आलेला असतो.

आता तीच पोझ खऱ्या माणसाला दे. माणूस थांबत नाही. श्वास घेतो, गालाचा स्नायू हलतो, डोळ्यात पाणी चमकतं. उडी मारली की पोझ एका क्षणात निघून जाते, मग दिग्दर्शक म्हणतो स्लो मोशन कर. स्लो मोशन केलं की थांबलेपण येत नाही, जडपण येतं, काचेचे तुकडे तरंगतात, कपडा लोंबतो, आणि जो क्षण चित्रात धारदार होता तो शाम्पूच्या जाहिरातीसारखा होतो. माझी स्वतःची फजिती सांगतो. एका कोल्ड्रिंकच्या जाहिरातीत क्लायंटला “ॲनिमेसारखी” मारामारी पाहिजे होती, खरे नट. मी शहाणपणा केला, मोशन ब्लर (हलताना येणारं धूसरपण) काढून टाकला आणि शूट केलेलं फुटेज टूजवर आणलं, म्हणजे एक फ्रेम सोडून एक उडवली. मला वाटलं काय भारी आयडिया. स्क्रीनिंगला क्लायंट दोन मिनिटं गप्प बघत होता, मग म्हणाला, “नेट स्लो आहे का तुमच्याकडे? अडकतंय.” सगळं परत केलं, तीन रात्री गेल्या. चित्रात जो थांबा बोलतो तोच फोटोत बिघाड वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि रिकामेपण. जुन्या सिनेमाच्या मध्यावर तीनेक मिनिटांचा एक तुकडा आहे, गोष्ट पूर्ण थांबते, डायलॉग एकही नाही, हाँगकाँगवर बेतलेलं शहर, कालवे, पाट्या, पाऊस, शोकेसमधले पुतळे आणि संगीतकार केन्जी कावाईचं ते कोरस, अंगावर काटा येतो. त्यात मोतोको बोटीतून जाताना वर बघते तर एका कॅफेत काचेमागे बसलेली एक बाई, चेहरा हुबेहूब तिच्यासारखा. बास. कोणी काही बोलत नाही, बोट पुढे जाते. सगळ्या सिनेमाचा प्रश्न त्या एका शॉटमध्ये आहे, कंपनीने हेच मॉडेल अजून किती जणींना दिलंय? नव्या सिनेमात शहर जास्त मोठं आहे, इमारतीएवढे होलोग्रामचे मासे आणि माणसं फिरताहेत, एक कोपरा मोकळा नाही. ते काम करणाऱ्यांची मेहनत मला दिसते, एका शॉटमध्ये किती लेयर असतील ते मी मोजू शकतो. पण बघणाऱ्याला एकटं वाटायला जागाच ठेवली नाही.

म्हणून स्पीड रेसर मला आवडतो, आणि इथे मी बहुतेकांशी भांडतो. मॅट्रिक्स केलेल्या त्याच वाचोव्स्कींनी २००८ मध्ये १९६० च्या दशकातल्या जपानी कार्टूनवर केलेला. त्यांनी पोझची नक्कल नाही केली, चित्राचं व्याकरण उचललं. पुढचा माणूस आणि मागचा डोंगर दोन्ही सारखेच शार्प, लेयरवर लेयर, जुन्या सेलसारखे (ॲनिमेशनची पारदर्शक शीटवरची चित्रं), एखाद्याचं डोकं बाजूने स्क्रीनवरून सरकतं आणि त्याच्यामागून पुढचा सीन पुसत येतो. आमच्या शिकवणीच्या एकदम उलट, आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की मागचं धूसर कर म्हणजे खरं वाटेल. आयर्न मॅनच्या पुढच्याच आठवड्यात लागला, साधारण १२ कोटी डॉलर खर्चून साडेनऊच्या आत कमावले, लोक म्हणाले डोळे दुखतात. आज तेच लोक त्याला क्लासिक म्हणतात. चालायचंच.

अलिटा, तोही मांगावरचा हॉलिवूड सिनेमा, त्याचं उलटं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ट्रेलर आला तेव्हा नायिकेच्या मोठ्या डोळ्यांवर हसले सगळे, भुतासारखी दिसते म्हणाले. टीमने डोळे लहान नाही केले, बुबुळ मोठं केलं, पांढरा भाग कमी दिसायला लागला आणि चेहरा एकदम बसला. शहाणपणाचं काम. कारण मांगात ते डोळे सजावट नाहीत, तीच ती आहे. रोझा सालाझारचा सगळा अभिनय त्यातून पोचतो. गोष्ट थोडी घाईची आहे, सीक्वेलसाठी अर्धवट सोडलीये, तरी फॅननी जीव लावला, ४० कोटी डॉलरच्या आसपास कमावला, आणि २०२० च्या ऑस्करच्या दिवशी सीक्वेल द्या म्हणून आकाशात विमानामागे बॅनर फडकवला, स्वतःच्या खर्चाने. हीच ती “बदललं तरी बोंब, नाही बदललं तरी बोंब” वाली जमात बरं का.

ड्रॅगनबॉल इव्होल्यूशनवर मी वेळ घालवणार नाही. मूळ मांगा काढणाऱ्या अकिरा तोरियामांनी नंतर सांगितलं की स्क्रिप्टबद्दल सूचना केल्या होत्या, कोणी ऐकल्या नाहीत, आणि ज्याने ती स्क्रिप्ट लिहिली त्याने २०१६ मध्ये फॅनची जाहीर माफी मागितली, मी फॅन म्हणून नाही तर चेकसाठी केलं म्हणून. माफी मागितली हे तरी खरं.

एक गोष्ट मात्र त्या घोस्टवाल्यांनी फार बरोबर केली, ती इकडे कोणाला माहीत नसते. जपानमध्ये डब करताना जुन्या सिनेमातलेच आवाज आणले, अत्सुको तानाका, अकिओ ओत्सुका, कोइची यामादेरा. स्कार्लेटच्या तोंडून तानाकाबाईंचा आवाज. त्यामुळे तिकडच्या फॅनला डोळे मिटले की आपली मेजर परत भेटली. हे काय असतं ते आपल्याला बरोबर माहीत आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, तो जपानी ॲनिमेच होता, निप्पॉन ॲनिमेशनचा, आपल्यातल्या कित्येकांचा पहिला ॲनिमे, फक्त तेव्हा हा शब्द माहीत नव्हता. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मग २०१६ मध्ये डिस्नेचा खऱ्या मुलाला घेऊन केलेला जंगल बुक आला, त्याचा त्या मालिकेशी काही संबंध नाही, दोन्ही किपलिंगवरून एवढंच. पण हिंदी डबिंगला शेरखान परत नाना, आणि प्रमोशनला गुलजार-विशाल भारद्वाजांचं चड्डी पहन के वालं गाणं पुन्हा केलं. मी चाळिशीकडे झुकलेला माणूस, मुलीला घेऊन गेलो होतो, नानांचं पहिलं वाक्य आलं आणि आजूबाजूच्या सगळ्या बाप लोकांनी एकदम हुंकार दिला. पोरं बघायला लागली, ह्यांना काय झालं. वाघ आख्खा कॉम्प्युटरचा होता, कोणाला पडलेली नव्हती.

आता जे बनलेच नाहीत त्यांच्याबद्दल थोडं. अकिरा या जपानी मांगाचे हक्क वॉर्नर ब्रदर्सने २००० च्या दशकात घेतले, दिग्दर्शक आले-गेले, तायका वाइतीतीच्या वेळी तर २१ मे २०२१ ही तारीखही जाहीर झाली, आणि शेवटी २०२५ मध्ये हक्क सुटले, एक फ्रेम न काढता. फॅननी पेढे वाटल्यासारखं केलं. मध्ये एका आवृत्तीत गोष्ट न्यूयॉर्कला नेणार असं चाललं होतं. आता जी गोष्टच टोकियो एका स्फोटात गेलं आणि त्याच्या बाजूला निओ-टोकियो उभं राहिलं इथून सुरू होते, एकदा बॉम्ब पडलेल्या देशात काढलेली, ती मॅनहॅटनला नेऊन काय उरतं?

पण मकोतो शिंकाईच्या युअर नेम या ॲनिमे सिनेमाच्या बाबतीत मी फॅनच्या विरुद्ध आहे. हॉलिवूडचा एक बेत असा होता की मुलगी आडगावातली मूळ अमेरिकन जमातीतली आणि मुलगा शिकागोतला. लगेच बोंब झाली. मला उलट वाटलं की कोणीतरी पहिल्यांदा डोकं चालवलंय. शिंकाईच्या सिनेमात डोंगरातलं गाव, देवळातली आजी, तिने शिकवलेली दोरा वळायची पद्धत, विसरत चाललेली परंपरा, आणि २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतरची ती हुरहूर की वेळेत कोणी सांगितलं असतं तर. अमेरिकेत विसरलं गेलेलं गाव आणि पुसली गेलेली आठवण कुठे शोधायची, तर तिथेच. टोकियोच्या जिन्याची फ्रेम नेण्यापेक्षा हे बरं. अर्थात दिग्दर्शक बदलत बदलत तोही प्रकार अडकलाय, तर कळणार कसं.

आपल्याकडचे फॅन काही कमी नाहीत हां. शिंकाईचाच वेदरिंग विथ यू भारतात लावा म्हणून पोरांनी पिटिशन केलं, ५० हजारांवर सह्या झाल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो खरंच थिएटरला लागला. तेव्हा ज्या चिडणाऱ्यांना आपण रिकामटेकडे म्हणतो, तेच हे, तिकीट काढून पहिल्या शोला बसणारे.

तर आता तू काय करायचं. तुकड्यातुकड्यांत बघितलास ना, तिथेच चुकलास, कारण तुकडे करणाऱ्याने फायटिंगचे तुकडे केलेत आणि मधले थांबे गाळलेत, म्हणून तुला सेम टू सेम वाटलं. रविवारी रात्री घरचे झोपले की हेडफोन लाव, जपानी आवाज, खाली सबटायटल, मोबाइल दुसऱ्या खोलीत. बोटीचा सीन आला आणि ती वर बघायला लागली की पॉज कर आणि काचेमागची बाई नीट बघ. मग नवीन परत लाव, जपानी नट ताकेशी कितानो सगळ्या इंग्लिश बोलणाऱ्यांत बसून शांतपणे जपानीतच बोलतो ते एन्जॉय कर, आणि ग्रुपवर काय लिहायचं ते सोमवारी ठरव.